कवडीचा राखाडी रंग

मी एक म्हातारी कुत्री आहे, मित्रांनो. सोनगीरला एका तांबटाच्या ओट्यावर माझा मुक्काम असतो. माझे केस कुरळे आहेत, पाय आखूड आहेत, आणि माझा एक डोळा काळा तर दुसरा निळसर पांढरा आहे. माझ्या रंगाला इकडे कुणाकडे नाव नाही. चुलीतली राख पाटावर पसरावी आणि तिच्यावर कुणीतरी शाईने भरलेला हात झटकावा, तसा तो आहे. राखाडी अंग, आणि त्यावर काळे, वेडेवाकडे, कडा फाटलेले डाग. या रंगाने मला एके काळी गादीवर बसवलं. याच रंगापायी माझी पिल्लं गेली. ती गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे. ती ऐकायला गोड नाही, पण जशी घडली तशीच सांगते.

माझा जन्म भुसावळचा. रेल्वे कॉलनीत एका गार्डसाहेबांचं घर होतं. त्यांच्याकडे माझी आई होती. ती काळीभोर पूडल, शुद्ध जातीची, डोक्यावर केसांचा तुरा मिरवणारी. शेजारच्या बंगल्यात महूहून बदलून आलेले एक साहेब राहत. त्यांच्याकडे एक डॅशहाउंड कुत्रा होता. लांबोडक्या अंगाचा, आखूड पायांचा आणि राखाडी ठिपक्यांचा. दोन्ही घरांच्या मध्ये मेंदीचं कुंपण होतं आणि कुंपणाला खाली एक भोक होतं. माझ्या आईबापांचं लग्न कुणी ठरवलं नव्हतं. ते त्या भोकानेच लावलं.

आम्ही पिल्लं झालो तेव्हा माझी भावंडं आईसारखी काळी निघाली. मी एकटी बापाच्या रंगावर गेले. गार्डसाहेबांच्या बायकोने मला हातात घेतलं आणि हसत म्हणाल्या, "अगं बाई, हिच्यावर तर काहीतरी सांडलंय!"

घरोघरी टीव्ही यायला लागले होते ते हे दिवस. गार्डसाहेबांचा टीव्ही बिघडला आणि तो दुरुस्त करायला जळगावहून लीलाधरभाऊ आले. पिंप्राळ्यात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानाच्या जोडीला ते कुत्र्याची पिल्लं विकण्याचा धंदाही करत. त्यांनी टीव्हीचं मागचं झाकण उघडलं, तेवढ्यात मी तिथे लुडबुडायला गेले. त्यांच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

"साहेब, हे कुठून आणलं?" त्यांनी विचारलं.

"घरचंच आहे. मिसळीचं आहे, शुद्ध नाही," गार्डसाहेब म्हणाले.

"शुद्ध नसू द्या. असा रंग मी अख्ख्या खान्देशात पाहिला नाही. दुरुस्तीचं काही देऊ नका मला. हे पिल्लू द्या."

अशी मी पिंप्राळ्याला आले. स्कूटरवर, लीलाधरभाऊंच्या पायांमध्ये ठेवलेल्या पिशवीत बसून.

लीलाधरभाऊंची बायको सुनंदाबाई. त्यांनी माझा निळा डोळा पाहिला आणि माझं नाव कवडी ठेवलं. त्या मला आठवड्याला आंघोळ घालत, कंगव्याने एकेक बट सोडवत, उन्हात वाळवत. दूधभाकरीत तूप घालत. रविवारी सकाळी आसपासची माणसं दुकानात टीव्ही पाहायला जमत, तेव्हा लीलाधरभाऊ मला टीव्हीशेजारी गादीवर बसवत. मग अर्धी माणसं टीव्ही सोडून माझ्याकडेच पाहत. पोरं माझ्या डागांवर बोट ठेवून म्हणत, हा मोर, हा हत्ती, हा नकाशा. एकदा धुळ्याला एका मैदानावर पाळीव जनावरांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे मला एक चकचकीत पेला मिळाला. लीलाधरभाऊंनी तो दुकानात दर्शनी भागात ठेवला आणि येईल त्याला दाखवला. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला तेव्हा फार बरं वाटे. माणसाला आपण आवडतो, एवढंच कुत्र्याला कळतं. आपल्यातलं नेमकं काय आवडतं, हे कळत नाही.

मी वयात आले तेव्हा लीलाधरभाऊंनी नाशिकहून एक काळा पूडल आणवला. आमची पिल्लं झाली. निम्मी काळी, निम्मी राखाडी. राखाडी पिल्लं डोळे उघडायच्या आतच बोलून ठेवलेली होती. एक जळगावच्या वकिलाकडे गेलं, एक चोपड्याला, एक थेट इंदूरला. काळी मात्र दारात रेंगाळली आणि शेवटी कुणाकुणाला फुकट द्यावी लागली. तेव्हापासून लीलाधरभाऊंच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. सगळी पिल्लं राखाडीच झाली पाहिजेत.

त्यांनी माझा एक मुलगा घरीच ठेवला होता. माझ्यासारखाच राखाडी, माझ्यासारखेच डाग. त्याला सगळे भस्म्या म्हणत. तो अंगाने भरला तेव्हा लीलाधरभाऊंनी डॉक्टर अभिमन पाटलांना बोलावलं. हे गुरांचे डॉक्टर, पण गावातल्या कुत्र्यामांजरांनाही तेच पाहत. मला त्यांच्या हाताला येणारा औषधाचा वास आवडत नसे, पण हात आवडत.

लीलाधरभाऊंनी आपला बेत सांगितला तसे डॉक्टर सुई भरता भरता थांबले.

"आई आणि मुलगा? असं करू नका," ते म्हणाले.

"जनावरात कसली नाती, डॉक्टरसाहेब?"

"नात्याचं मी बोलतच नाही. ते वेगळं दुखणं आहे. मी रंगाचं बोलतोय. राखाडीला राखाडी लावू नका."

लीलाधरभाऊ हसले. त्यांच्या भावांचा रावेरकडे केळीचा मळा होता. ते म्हणाले, "आमच्या मळ्यात केळीच्या बुंध्याला फुटलेलं पिल लावलं की आईसारखीच केळ येते. तोच घड, तीच चव. मग राखाडीला राखाडी लावली तर राखाडीच येणार ना?"

"केळीला बाप नसतो, लीलाधरभाऊ," डॉक्टर म्हणाले. "कुत्र्याला असतो. प्रत्येक पिल्लाला रंगाचे दोन वाटे मिळतात. एक आईचा, एक बापाचा. हिला हा राखाडी वाटा एकाच बाजूने मिळालाय. म्हणून हिचा काळा रंग अर्धाच धुतला गेला आणि हे डाग उरले. एक वाटा असला तर शोभा आहे. दोन्हीकडून तोच आला की रंग पार धुऊन जातो, पिल्लू पांढरं निघतं. आणि नुसते केस धुतले जात नाहीत. कानाच्या आत रंग लागतो, डोळ्याच्या आत लागतो. तो नसला की कान ऐकत नाहीत आणि डोळे नीट घडत नाहीत."

"सगळीच पिल्लं तशी होतील?"

"सगळी नाही. काही काळी होतील, काही राखाडी. काही पांढरी."

"मग झालं तर," लीलाधरभाऊ म्हणाले. "पांढरी बाजूला काढू."

सुनंदाबाई चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. डॉक्टरांनी चहा घेतला नाही.

पावसाळा सरता सरता मला पिल्लं झाली. राखाडी झाली, एक काळं झालं, आणि पांढरीही झाली. कापसाच्या बोंडासारखी पांढरी, गुलाबी नाकांची. मी सगळ्यांना सारखंच चाटलं. आईच्या जिभेला रंग कळत नाही. पण पुढे पिल्लांचे डोळे उघडायचे दिवस आले आणि पांढऱ्यांचे उघडलेच नाहीत. पापण्यांच्या फटीत मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी धुरकट दिसे. मी गुरगुरले की बाकीची पिल्लं दचकून मागे होत. पांढरी माझ्या अंगावरून तशीच चालत राहत.

लीलाधरभाऊ रोज येऊन पाहत. एका सकाळी ते परसात बादली घेऊन आले. नळाखाली ती भरली. मग त्यांनी पांढरं पिल्लू मानेला धरून उचललं. मला वाटलं, आंघोळ घालणार. सुनंदाबाई मला तशाच बादलीने आंघोळ घालत. मी शेपटी हलवत जवळ जाऊन उभी राहिले. पाणी थोडा वेळ हललं आणि मग हलेनासं झालं. त्यांनी दुसरं पिल्लू उचललं तेव्हा मला कळलं. मी त्यांच्या हाताला चावले. माझ्या आयुष्यात मी माणसाला चावले ते तेवढं एकदाच. त्यांनी मला लाथेने भिंतीकडे उडवलं.

शेवटचं पांढरं पिल्लू सुनंदाबाईंनी पदरात घेतलं.

"अहो, हे एक तरी राहू द्या. पाप लागेल."

"आंधळं, बहिरं काय करायचंय? आरती ओवाळू त्याची?"

"ते बघा तर खरं. किती कुरळं आहे. बघणाऱ्याला शुद्ध पूडलच वाटेल."

त्या जीव वाचवायला बोलल्या होत्या, मित्रांनो. पण लीलाधरभाऊंच्या कानाने त्यातला धंदा तेवढा उचलला. ते थांबले. पिल्लाला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "असू दे."

सुनंदाबाईंनी त्याचं नाव कापश्या ठेवलं.

आता लीलाधरभाऊंनी कापश्याला काय शिकवलं ते ऐका. दुकानाच्या मागच्या खोलीत टीव्हीचे खोके ठेवायला फळ्यांचा माचा होता. त्यावर ते कापश्याला ठेवत, आणि टाचेने फळी ठोकून लगेच त्याच्या तोंडाशी दुधात भिजवलेलं बिस्किट धरत. पिल्लाला ऐकू येत नव्हतं, पण फळीची थरथर पायांना कळे. पुन्हा ठोक, पुन्हा बिस्किट. काही दिवसांतच असं झालं की फळी हलली की कापश्या तिकडे तोंड करून शेपटी हलवत धावत येई. थरथर म्हणजे कुणीतरी आपलं आलं, काहीतरी गोड मिळणार, हे त्याच्या इवल्या डोक्यात पक्कं झालं. जग त्याच्यापर्यंत पोचायला दुसरी वाटच नव्हती.

धुळ्याहून कापडवाले रुपचंदशेठ आपल्या छोट्या मुलीला घेऊन आले. लीलाधरभाऊंनी कापश्याला माच्यावर ठेवलं. "ये कापश्या!" अशी मोठ्याने हाक मारली आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशी टाच फळीवर मारली. कापश्या वळला आणि धावत आला.

"किती हुशार आहे!" मुलगी म्हणाली.

"डोळे असे बारीक का?" शेठनी विचारलं.

"केसांमुळं दिसतात तसे. पूडलची खूणच आहे ती."

मुलीने त्याला छातीशी धरलं आणि ते गेले. मी परसाच्या दारातून पाहत होते. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. पोरीचे हात मऊ होते.

दिवाळीनंतर रुपचंदशेठ परत आले. त्यांच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत कापश्या होता. त्याचा एक पाय वाकडा झाला होता.

"लीलाधरभो, हे बहिरं आहे," शेठ दुकानात उभे राहून म्हणाले. "आंधळंही आहे. माझी पोरगी हाका मारून मारून दमली. तिला वाटलं, ते तिच्यावर रुसलंय. काल ते गॅलरीतून खाली पडलं. ती जेवत नाही आता. म्हणते, मी हाक मारली म्हणून पडलं."

"माझ्याकडून नेलं तेव्हा धडधाकट होतं. तुमच्याकडंच काहीतरी झालं असंल."

रुपचंदशेठ भांडले नाहीत. पिशवीतून कापश्याला काढून त्यांनी पायरीवर ठेवलं, त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "ज्याचं पाप त्याच्या दारात." मग ते निघून गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. लीलाधरभाऊंचा चेहरा काळवंडला. गिऱ्हाइकं पांगल्यावर त्यांनी कापश्याला पायाने परसात लोटलं, आणि तो कुठे पडतोय हे पाहायलाही ते थांबले नाहीत.

तेव्हापासून कापश्या माझ्याजवळ, परसातल्या खुंटाला बांधलेला. त्याचा पाय तसाच वाकडा राहिला. माझा वास आला की तो तोंड वर करे आणि माझ्या मानेत नाक खुपसे. तो भुंकायला शिकलाच नाही. ऐकलंच नसेल तर भुंकणार कसा? त्याच्या घशातून एक चमत्कारिक आवाज येई, गंजलेल्या बिजागरीसारखा. शेजारची पोरं त्या आवाजाची नक्कल करत आणि त्याला खडे मारत. खडा कुठून आला हे त्याला कळत नसे. तो खड्याच्याच दिशेने शेपटी हलवी.

आता मला वाटलं होतं, लीलाधरभाऊ शहाणे होतील. ते झाले नाहीत. राखाडी पिल्लं हातोहात जात होती, मग बाकीच्यांचं काय झालं हे कोण विचारतं? भस्म्याला आणि मला पुन्हा एकत्र ठेवलं. पुन्हा ठेवलं. दर वेळी राखाडी पिल्लं दुकानात जात आणि परसात नळाखाली बादली भरली जाई. बादलीचा आवाज आला की मी कापश्याला पोटाखाली घेऊन भिंतीशी बसे. माझ्या केसांच्या जटा झाल्या. मला आता कुणी गादीवर बसवत नव्हतं. जटांमध्ये गोचिड्या झाल्या, कातडी सडली. सुनंदाबाई कधीमधी कात्री घेऊन बसत आणि रडत रडत जटा कापत. त्या रडत, पण काही बोलत नसत. मित्रांनो, मला त्यांच्याविषयी राग नाही. पण त्या रडण्याचा मला उपयोगही झाला नाही.

शेवटच्या बाळंतपणात माझ्या पोटात पिल्लू अडलं. मी परसात एका कुशीवर पडून राहिले, दिवस मावळला, पुन्हा उजाडला. अंगात त्राण उरलं नाही तेव्हा सुनंदाबाई स्वतः जाऊन डॉक्टर अभिमनना घेऊन आल्या. डॉक्टरांनी मला उचललं आणि आपल्याकडे नेलं. पिल्लं मेलेलीच निघाली. मी वाचले. डॉक्टरांनी माझी गर्भाची पिशवी काढून टाकली होती.

हे कळलं तसे लीलाधरभाऊ त्यांच्यावर धावून गेले. "पिशवी कोणाला विचारून काढली?"

"तिला विचारून," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला लागले.

मग मी काही कामाची उरले नाही. भस्म्याला लीलाधरभाऊंनी इंदूरकडच्या एका पिल्लंवाल्याला देऊन टाकलं. तिथे त्याच्याकडून तेच काम करून घेतलं असणार. तो पुन्हा मला दिसला नाही. उरलो मी आणि कापश्या. एका सकाळी दारात मॅटाडोर उभी राहिली. लीलाधरभाऊंना धुळ्याच्या पुढे शिरपूरला टीव्ही पोचवायचे होते. त्यांनी आम्हा दोघांना मागे खोक्यांमध्ये चढवलं. सुनंदाबाईंनी एका फडक्यात भाकरी बांधून दिली. कुठे नेताय, असं त्यांनी विचारलं नाही.

धुळं मागे पडलं. सोनगीरच्या किल्ल्याचा डोंगर दिसायला लागला तशी गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. मुंबई-आग्रा रस्ता तो. ट्रकामागून ट्रक. भर दुपार होती. लीलाधरभाऊंनी आम्हाला खाली उतरवलं, फडकं सोडून भाकरी धुळीत ठेवली आणि माझ्या गळ्यातला पट्टा काढून घेतला. पट्टा चांगला होता. मग गाडी निघाली. मी थोडं अंतर तिच्यामागे पळाले. पोटाचे टाके ओढले जात होते. मागे वळून पाहिलं तर कापश्या भाकरीपाशी नव्हता.

भरलेला ट्रक येतो तेव्हा आधी जमीन हलते, मित्रांनो. कापश्याच्या पायांना ती थरथर कळली. थरथर म्हणजे कुणीतरी आपलं आलं. तो तोंड वर करून, वाकडा पाय ओढत, आनंदाने शेपटी हलवत रस्त्याकडे निघाला. मी भुंकले. मी भुंकून काय होणार होतं? मी धावत जाऊन त्याच्या मानेचे केस दातांत धरले. तो आता माझ्याएवढाच झाला होता. त्याला वाटलं, आई खेळतेय. त्याने मान हिसडली आणि तो पुढे गेला. माझ्या दातांत थोडे पांढरे केस राहिले.

ट्रक थांबला नाही. त्याच्या मागचाही थांबला नाही.

मी त्याच्याजवळ बसून राहिले. गाड्या माझ्या दोन्ही अंगांनी जात होत्या. शेवटी सायकलवर हंडे-घागरी बांधलेला एक म्हातारा माणूस थांबला. त्याने सायकल कडेला लावली, हात वर करून गाड्या अडवल्या, कॅरिअरवरचं गोणपाट आणलं आणि कापश्याला त्यात घेतलं. गावाकडच्या वाटेवर एका निंबाखाली त्याने घागरीच्या काठाने माती उकरली. कापश्याला पुरलं, वर दगड ठेवले. मग माझ्याकडे पाहून अहिराणीत म्हणाला, "चाल माय. आठे बसीसन काय व्हई?" इथे बसून काही होणार नाही, हे मलाही कळत होतं.

तो चिंधा तांबट. सोनगीरला त्यांचं भांडी घडवायचं काम. मी त्यांच्या सायकलीमागे चालत गेले. त्यांची बायको भागाबाई ओट्यावर चिंच घेऊन हंडा घासत होती. तिने माझ्या जटा पाहिल्या, पोटावरचे टाके पाहिले.

"कोनी कुत्री शे हाई?" तिने विचारलं.

"आते आपली शे," चिंधाबाबा म्हणाले. "इनं पिल्लू मरी गयं सडकवर."

भागाबाईने हातातला हंडा खाली ठेवला. पाण्याची वाटी माझ्यापुढे सरकवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून ती तशीच बसून राहिली. माझा रंग काय आहे, हे तिने त्या दिवशी पाहिलं नाही. पुढेही कधी त्यावर काही बोलली नाही.

इथे दिवसभर ठोकठोक चालते. पहिल्या दिवसांत मला त्या आवाजाने धडकी भरे. मग सवय झाली. ऐरणीजवळ जमीन थरथरते तेव्हा मी अजूनही उठून तिकडे पाहते. तिथे कुणी नसतं, पण मी पाहते.

माझी गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण गेल्या वर्षी, लग्नसराईत, दारात एक गाडी थांबली. पुतणीच्या लग्नाची भांडी घ्यायला लीलाधरभाऊ आले होते. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. त्यांनी एक तांब्याची घागर हातात घेऊन ठोकून पाहिली. मग त्यांची नजर ओट्याकडे गेली.

"अरे, ही कवडी! जिवंत आहे?" ते म्हणाले. जवळ येऊन त्यांनी वाकून माझे डाग पाहिले. अगदी तसंच, जसं भुसावळला पाहिलं होतं. "रंग बघा अजून. तसाच. हिला इथं काही पिल्लं झाली का हो? कशी निघाली रंगाला?"

चिंधाबाबांचा हातोडा थांबला. माझ्या पोटावरचा व्रण भागाबाईने पहिल्या दिवशीच पाहिला होता. आता त्या व्रणाचा आणि रस्त्यावरच्या त्या पांढऱ्या पिल्लाचा धनी तिच्यासमोर उभा होता.

"तूच का रे तो?" ती उठून उभी राहिली. "सडकवर फेकनारा? आनि आते रंग इचारस? हाई कुत्री शे भाऊ, केळनं खोड नही. जाय आठून."

"अहो बाई, मी गिऱ्हाईक आहे," लीलाधरभाऊ म्हणाले.

चिंधाबाबांनी त्यांच्या हातातली घागर काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. "आठलं कोनतंच भांडं तुले इकानं नही," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला बसले.

मित्रांनो, ते दोघं माझ्यासाठी असे उभे राहिले. आणि त्या वेळी मी काय करत होते? लीलाधरभाऊंच्या हाताचा वास मला आला होता. सोल्डरचा, बिस्किटांचा. त्याच हाताने मला लहानपणी पिशवीतून आणलं होतं आणि त्याच हाताने बादली भरली होती. माझी शेपटी हलत होती. मी थांबवली नाही, ती थांबतही नव्हती. ते चिडून गाडीकडे गेले तेव्हा मी ओट्यावरून उतरले आणि सांधे दुखत असताना त्यांच्या मागे मागे गाडीपर्यंत गेले. दार बंद झालं. भागाबाईने येऊन मला उचललं आणि आत आणलं.

राग धरून ठेवायला आम्हा कुत्र्यांच्या अंगात जागाच केलेली नाही. म्हणून तुम्हाला सांगते, ते काम आमच्या वतीने तुम्ही करा. कुणी तुम्हाला आगळ्या रंगाचं पिल्लू दाखवून भुलवलं, तर आधी त्याची आई कुठे आहे ते विचारा. ती कशी राहते ते स्वतः जाऊन पाहा. तिच्या बाकीच्या पिल्लांचं काय झालं ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका. धनी चांगला की वाईट हे ठरवताना आमच्या शेपटीकडे मात्र पाहू नका. ती कुणासाठीही हलते.